निळ्या टेपखालची वायर

फुलसावंगी
९ फेब्रुवारी २०२५

काका,

जयभीम. पण वाकून नाही, कमरेवर हात ठेवून.

मी प्रियंका, तुमच्या सख्ख्या थोरल्या भावाची मुलगी. ओळख द्यावी लागते, कारण तीन वर्षांत तुम्ही गावाकडे फिरकला नाहीत आणि फोन उचलत नाही. गेल्या आठवड्यात मी सतरा वेळा लावला. एकदा उचललात, 'हां हां, बरं बरं' म्हणालात आणि ठेवून दिलात. मी विचारलं होतं, 'काका, तुमचा अँप देता का?' त्यावर 'बरं बरं' म्हणजे हो की नाही? मेसेज करावा तर तुमच्या बटणाच्या फोनवर मराठीचे नुसते चौकोन उमटतात म्हणे. म्हणून हे पत्र. वहीचं पान फाडून लिहिते आहे, अक्षर बघू नका.

तुम्ही आपली गाण्याची पार्टी सोडलीत तेव्हा बेस गिटार आणि स्पीकरचा तो मोठा बॉक्स विहारातच राहिला. आवाज वाढवणारा अँप तेवढा काखोटीला मारून तुम्ही लोहाऱ्याला गेलात. दीड वर्ष झालं, ती गिटार मी वाजवते आहे. आवाज मोठा करायला काही नाही म्हणून तिचं लाकूड आईच्या लोखंडी पेटीला टेकवते आणि पेटीला कान लावते. आई म्हणते, "पोट्टी पेटीशी बोलून राह्यली." पण चौदा गाणी बसवली आहेत.

यंदा पार्टी चालवणाऱ्या रोशनदादानं उमरखेडचा जयंतीचा कार्यक्रम घेतलाय. चौदा एप्रिल, दुपारी चार. मी म्हटलं, बेस मी वाजवीन. तर म्हणाला, "एक एप्रिलपर्यंत बॉक्समधून बेस निघाला पायजे. नाही तर मी कीबोर्डवरच काढतो, अन् तू आपली कोरसमधी उभी राह्य." कोरसमध्ये मी आठवीपासून उभी आहे, मधे पुढच्या माईकवरही गायले. मला गायचं नाही असं नाही. पण गाण्याच्या खालून जे चालत असतं ते मला हवं आहे. ते हातात आलं आणि आता कुणी काढून घेतलं तर मला सहन होणार नाही, स्पष्ट सांगते.

अँप पाठवा. रागावला असाल तर नंतर रागवा.

प्रियंका


लोहारा, यवतमाळ
१६ फेब्रुवारी

प्रियंके,

तुझं अक्षर बघितलं. बी.ए. झालेल्या मुलीचं असं असेल तर कठीण आहे.

फोनचं म्हणशील तर कारखान्यात फोन चालत नाही. आम्ही ट्रान्सफॉर्मरची वेटोळी गुंडाळतो, दिवसभर मशीन सुरू. खोलीवर रेंज नाही. पत्रच बरं, लिहिलेलं पुन्हा वाचता येतं.

अँप गोधडीत बांधून जीवनभाऊच्या गाडीवर देतो आहे. तो यवतमाळहून फुलसावंगीची एसटी आणतो, माणूस भरवशाचा. उत्तर त्याच्याकडेच देत जा, पोस्टापेक्षा लवकर पोचतं.

आता नीट वाच. सोबत दोन वायरी दिल्यात आणि त्या दिसायला जुळ्या बहिणी. दोन्ही काळ्या, दोन्हींच्या टोकांना तीच पिन. एक गिटारपासून अँपपर्यंत, दुसरी अँपपासून बॉक्सपर्यंत. गिटारच्या वायरीत मधोमध बारीक तार असते आणि तिच्याभोवती जाळी. गिटारमधून येणारा करंट मुंगीएवढा, त्याला बाहेरची घरघर चिकटू नये म्हणून ती जाळी. अँपमधून बॉक्सकडे जातो तो मात्र बैल आहे. त्याला दोन जाड तारा लागतात. पिन दोन्हीकडे बसते, म्हणून माणसं लावून मोकळी होतात आणि मग अँपच्या नावानं बोंबलतात. गिटारची वायर बॉक्सला लावायची नाही. पुन्हा वाच हे वाक्य.

बॉक्सची वायर मी स्वतः बनवली आहे. दोन्ही टोकांना कागदाची पट्टी चिकटवून 'बॉक्स' लिहिलंय. बॉक्स आठ ओमचा आहे. बॉक्स वाढले की ओम कमी होतात आणि अँपला चारच्या खाली झेपत नाही, म्हणून एकच बॉक्स जोड. रोशनला जोश आला की तो मंडपवाल्याचे आणखी दोन आणून लावेल. त्याला हात लावू देऊ नको.

आधी बॉक्स, मग गिटार, मग लाईटचं बटण, आवाज शून्यावर. बंद करताना उलट.

चौदा गाणी बसवलीस हे पेटीनं सांगितलं की तूच ठरवलंस?

उकंडा काका


फुलसावंगी
२४ फेब्रुवारी

काका,

वाजला!

शनिवारी संध्याकाळी विहारात जोडला. तुमचं पत्र समोर ठेवून, एकेक वाक्य वाचत. रोशनदादा म्हणे, "पूजा करून राह्यली का?" शून्यावरून आवाज थोडा वर नेला आणि जाडी तार सोडली, तर खिडकीची काच हलली. बाहेर चार बायका बसल्या होत्या, त्या उठून आत आल्या. उज्ज्वलामावशीनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, इथं वाजून राह्यलं वं!" काका, मला रडू आलं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले.

दीड वर्ष जे पेटीला कान लावून ऐकत होते ते सगळ्या विहारात उभं राहिलं. रोशनदादा एवढंच म्हणाला, "धावतं मातर थोडं." त्याला काहीतरी खोट काढायचीच असते.

तुमच्या दोन्ही वायरींना त्यानं लगेच निळी टेप गुंडाळली, पिनेपासून वीतभर. आपल्या पार्टीची रीत तुम्हाला मी काय सांगू? माईक, स्टँड, ढोलकीची पिशवी, सगळ्याला निळी टेप. गेल्या वर्षी पुसदला मंडपवाल्यानं आपल्या दोन वायरी नेल्या तेव्हापासून तर तो झोपेतसुद्धा टेप गुंडाळत असेल.

आता रोज संध्याकाळी तालीम. हात थांबत नाहीत, ताटावरही बोटं चालतात.

तुम्ही कधी येता?

प्रियंका


लोहारा
३ मार्च

प्रियंके,

काच हलली म्हणतेस. आणखी लिही. जाडी तार सोडल्यावर आवाज किती वेळ टिकतो? ढोलकी सुरू असताना तो तिच्या खाली जातो की तिला ढकलतो? काहीही गाळू नको.

आणि ती टेप! माझी कागदाची पट्टी टेपखाली गेली का? गेली असेल तर दोन्ही वायरी आता सारख्याच झाल्या. रोशनला विचार, कोणती कुठली. त्याला सांगता आलं नाही तर टेप काढून बघा. तोवर अँप सुरू करू नको.

येण्याचं बघू.

उकंडा काका


फुलसावंगी
१२ मार्च

काका,

उत्तराला उशीर झाला. कामं होती. सगळं ठीक आहे.

एक विचारायचं होतं. माझ्या एका मैत्रिणीकडे असाच अँप आहे. तिनं परवा जोडला तर आधी घूं घूं असा आवाज येत होता, गिटारला हात लावला की कमी व्हायचा. तिनं तसंच वाजवलं. पंधरा-वीस मिनिटांनी वास आला आणि बॉक्सकडची वायर पिनेजवळ इतकी गरम झाली की हात लावेना. मग अँप बंद पडला. आता त्याचा दिवाही लागत नाही. तिनं काय करावं?

मैत्रीण फार घाबरली आहे.

प्रियंका


लोहारा
१७ मार्च

प्रियंके,

फुलसावंगीत बेसचा अँप असलेली मैत्रीण? जिल्ह्यात असे किती अँप आहेत ते मला माहीत आहे आणि कुणाकडे आहेत तेही.

तुझ्या मैत्रिणीनं वायरींची अदलाबदल केली. बॉक्सची वायर गिटारला लावली, तिला जाळी नाही म्हणून घूं. गिटारची बॉक्सला लावली, तिच्यातली बारीक तार तापली, आतलं रबर वितळलं आणि तारा एकमेकींना चिकटल्या. घूं आणि गरम दोन्ही एकदम म्हणजे दुसरं काही असूच शकत नाही. दिवा लागत नाही ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. फ्यूज गेला असेल. फ्यूजनं आपला जीव देऊन अँप वाचवला की नाही, ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

पुन्हा बटण दाबून बघू नको. अँप घेऊन ये. बुधवारी, सव्वीस तारखेला, दुपारी एकला जेवणाची सुट्टी असते. गेटवर हाका मारू नको, कारखान्याच्या दारात बरं दिसत नाही. मी गेटकडेच बघत बसेन.

खोटं लिहिलंस त्याचा राग आला. पण वास, गरम, घूं हे सगळं बरोबर लिहिलंस, तेवढ्यावर सोडतो.

उकंडा काका


फुलसावंगी
२१ मार्च, शुक्रवार

काका,

मी आज आले होते.

बुधवारपर्यंत थांबणं मला जमलं नाही. एकोणीस दिवसांपासून विहारात तालीम सुरू आहे आणि मी भिंतीला टेकून बसते. रोशनदादानं कीबोर्डवर बेस काढायला सुरुवात केली आहे. तुमचं पत्र काल मिळालं आणि आज सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले. अँप मांडीवर. आर्णीनंतर उभ्यानं येत होते तर एका बाईनं मांडीवर घेतला, म्हणाली, "बाळ जड हाय तुमचं."

एक वाजता गेटवर पोचले. चौकीदाराला म्हटलं, उकंडाकाकांना बोलवा. तो म्हणाला, "मी गेट सोडून कसा जाऊ? ते काय, निंबाखाली बसले. इथूनच आवाज द्या." तुम्ही दिसत होता. पंधरा पावलांवर, पाठमोरे, डबा उघडून. मशीनं बंद होती. निंबावरचे कावळे ऐकू येत होते, इतकं शांत. मी हाक मारली. एकदा, दोनदा, मग ओरडून. शेजारच्या कारखान्यातली माणसं वळून बघायला लागली. तुम्ही भाकरी मोडत होता. तुमची मान हललीसुद्धा नाही.

चौकीदार म्हणाला, "तो कोनालेच ओ देत नाही, बाई. तसाच हाय तो."

मी अर्धा तास उभी होते. मग परतीची गाडी पकडली. अँप मांडीवर घेऊन गेले तसाच परत आणला.

आता खरं लिहिते. हो, मीच जाळला. दोन मार्चला. टेपखालची पट्टी कोणती, हे बघायचं सुचलं नाही, हाताला लागली ती लावली. तुमचं 'सुरू करू नको' हे पत्र पाच मार्चला आलं. ते वाचलं तेव्हा अँप तीन दिवसांपासून गार पडला होता. भीती वाटली म्हणून मैत्रीण काढली. तेवढं माझं चुकलं.

पण तुम्ही अँपसाठी पाठ फिरवली नाही हे मला कळतं. तुम्ही उमरखेडच्या त्या दिवसासाठी फिरवली. तीन वर्षांपूर्वी, शेवटच्या गाण्याला, मी माईकवर होते. मी थांबले, ढोलकी थांबली, सगळे थांबले आणि तुम्ही एकटेच वाजवत राहिलात. कितीतरी वेळ. लोक हसले. आणि मी माईकमध्ये हसले, काका. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. मग रोशनदादा सगळ्यांसमोर म्हणाला, "पिऊन आला का बे?" आणि तुम्ही काही बोलला नाहीत. पंचशील घेतलेल्या माणसाला असं म्हटलं गेलं आणि मी गप्प बसले, कारण मलाही तेच वाटलं होतं.

तेव्हापासून रोज बोलायचं म्हणत होते. आज गेटवर तेच बोलणार होते, अँप तर निमित्त. तुम्ही वळलाच नाहीत.

अँप ठेवून घेते. दुरुस्त करायला कुणी सापडलं तर बघेन. नाही तर कोरस आहेच.

प्रियंका


लोहारा
२४ मार्च

प्रियंके,

मी वळलो नाही कारण मला ऐकू आलं नाही.

हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं आणि काल रात्रीचं जेवण लागलं. आता पुढचं भरभर लिहितो.

मला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. वीस वर्षं त्या बॉक्सच्या शेजारी उभा राहिलो. कानाच्या डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली, वर सुरू होते आणि धाडकन खाली पडते. बारीक आवाज सगळे गेले. आधी चिमण्या गेल्या, मग टाळ्या, मग बायकांचं बोलणं, मग पुरुषांचं. जाड आवाज थोडे उरलेत. मशीनची घुमघुम येते, ट्रक येतो. तुझी हाक त्यात बसत नाही. कानात घालायचं यंत्र आहे माझ्याकडे, ते लावलं की भांडी पडल्यासारखं होतं आणि माणूस काय म्हणतो ते कळतच नाही. म्हणून फोनवर 'बरं बरं'. समोरचा गप्प झाला असेल अशा अंदाजानं म्हणतो. खोलीवर रेंज आहे, चांगली आहे.

उमरखेडला त्या दिवशी मी तुझ्या तोंडाकडे बघून वाजवत होतो. त्याआधीचं अख्खं वर्ष तसंच काढलं. गाणारीचे ओठ दिसले की अंतरा कुठे आलाय ते कळतं. शेवटच्या गाण्याला तू माईक स्टँडवरून काढून हातात घेतलास आणि लोकांकडे वळलीस. मला तुझी वेणी दिसत होती. वेणीवरून गाणं संपलं हे कळत नाही. मी वाजवत राहिलो.

रोशन काय म्हणाला ते त्याच्या तोंडावरून कळलं. उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर त्याच्यापेक्षा वाईट होतं. पिणारा उद्या सोडू शकतो. वाजवणारा बहिरा झाला म्हटलं की पोरं कीव करतात आणि वस्तू हळूच त्याच्या हातातून काढून घेतात. ते मला नको होतं, म्हणून मीच निघून आलो. आईबापानं दिलेलं पंचशील मी कधी मोडलं नाही, तरी मोडलं असं लोकांना वाटू दिलं. याची लाज मला बहिरेपणापेक्षा जास्त आहे.

तू हसलीस हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. तीन वर्षं तू ज्याचं ओझं वाहिलंस ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं, पोरी. पत्र वाचल्यावर मीच हसलो, एकटाच, मोठ्यानं. शेजारची मोतीबाई दारात येऊन उभी राहिली, म्हणजे बराच मोठ्यानं हसलो असेन.

बुधवारी म्हटलं होतं. बुधवारी मी गेटकडे तोंड करून बसलो असतो.

आता काम. पाकिटात कागदात गुंडाळून एक फ्यूज आहे. अँपच्या मागे, लाईटची वायर जाते तिच्या बाजूला, काळं टोपण आहे. लाईटची वायर भिंतीतून काढ, मगच टोपण फिरव. आतला फ्यूज उजेडात धर. तार तुटलेली दिसली तर हा घाल. वायरींची टेप ब्लेडनं काप. पिनेचं झाकण फिरवून उघड. आत दोन जाड तारा दिसतील ती बॉक्सची. जाळी दिसेल ती गिटारची, आणि ती बहुतेक जळलेली असेल, टाकून दे. रोशनकडे दुसरी आहे. मग तेच, आधी बॉक्स, शेवटी बटण. हाही फ्यूज उडाला तर अँप गेला असं समज. दोन फ्यूज पाठवत नाही, कारण एक उडाला तर तू दुसरा घालशीलच.

रोशनला यातलं काही सांगू नको.

उकंडा काका


फुलसावंगी
३१ मार्च

काका,

दिवा लागला!

फ्यूज घातला, बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. उज्ज्वलामावशी म्हणाली, "लाल झालं वं!" मग शून्यावरून वर नेलं. घूं नाही, वास नाही. एक तास वाजवलं, मधूनमधून वायरीला हात लावून बघत होते. गार होती.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं आणि भांडी घासायला गेले, एकच पातेलं किती वेळ घासलं कोण जाणे. आई म्हणाली, "काहून वं, भोक पाडतं का?" मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि तिला सगळं सांगितलं. बाबांनाही. बाबा ओसरीवर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

आणि काका, रोशनदादालाही सांगितलं. तुम्ही नको म्हटलं होतं, मला कळतं. पण तुम्ही पिऊन आला होता असं गावात एकाही माणसाला वाटत राहावं हे मला आता एक दिवससुद्धा चालणार नाही. तुमची लाज तुम्ही सांभाळा, माझी मला सांभाळायची आहे. त्याला म्हटलं, "काकाले आयकू येत नाही. तवाबी येत नव्हतं." तो खुर्चीवर बसला. म्हणाला, "मी सगळ्यांसमोर म्हटलं ना वं." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात गेले तर तो ब्लेड घेऊन सगळ्या वायरींची टेप काढत बसला होता. आता फक्त मधोमध एक बोटभर पट्टी ठेवली आहे.

बेस माझ्याकडे आला. उद्याची मुदत आजच गाठली.

चौदा तारखेला उमरखेडला या. मी तुम्हाला दिसेल अशी उभी राहीन. या, काका.

प्रियंका


लोहारा
५ एप्रिल

प्रियंके,

अँप वाचला हे चांगलं झालं.

सांगू नको म्हटलं होतं, सांगितलंस. आता लोक माझ्याशी हातवारे करून बोलतील. कानाजवळ येऊन ओरडतील. रोशन माफी मागेल आणि ती मला ऐकू येणार नाही, मग मी 'बरं बरं' म्हणेन. त्याच मैदानात, त्याच स्टेजजवळ. मला ते जमणार नाही.

मी येणार नाही. आग्रह करू नको.

उकंडा काका


फुलसावंगी
१० एप्रिल

काका,

ठीक आहे, नका येऊ. आग्रह करत नाही. रागावलेही नाही, थोडी रागावले.

फक्त एक सांगा. मैदान मोठं आहे. विहारात मी आवाज निम्म्याच्या खाली ठेवते. तिथे किती ठेवू? विचारायला मला दुसरं कुणी नाही. काल रात्री स्वप्नात पुन्हा वास आला, उठून बसले. सगळे म्हणतात, वाजेल, वाजेल. वाजवणार मी आहे ना.

चौदाच्या आत उत्तर पोचलं तर बरं.

प्रियंका


लोहारा
१५ एप्रिल

प्रियंके,

तुझं पत्र जीवनभाऊनं बारा तारखेला दिलं. उत्तर लिहून त्याला द्यायला तेराला स्टँडवर गेलो तर त्याची सुट्टी होती. आवाज किती ठेवायचा हे तुला कळलं पाहिजे होतं. म्हणून चौदाला सकाळी उमरखेडच्या गाडीत बसलो. दुसऱ्या कुठल्या कारणानं नाही.

तुला सांगायला स्टेजजवळ येतो तर तुम्ही सुरू केलं होतं. अँपचं बटण दिसलं, आवाज तू बरोबर ठेवला होतास, निम्म्याच्या जरा वर. माझं काम राहिलं नाही. मग मी स्टेजच्या डाव्या बाजूला, जनरेटरच्या पलीकडे, बायका बसल्या होत्या त्यांच्या मागे उभा राहिलो. तू मला बघितलं नाहीस. शेवटचं गाणं झालं आणि मी निघालो, कारण यवतमाळची गाडी होती.

रोशननं मात्र बघितलं. स्टँडपर्यंत धावत आला. समोर उभा राहिला, उजेडात, तोंड नीट दिसेल असा, आणि हळूहळू म्हणाला. मला कळलं. मी 'बरं बरं' म्हटलं नाही. त्याचा हात हातात घेतला.

आता कार्यक्रमाचं लिहितो. गाणारी मुलगी दिसत होती. तिचं तोंड हलत होतं, गळ्याच्या शिरा फुगत होत्या, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. ढोलकीवर हात पडताना दिसत होते, ढोलकी नाही आली. कीबोर्ड नाही, टाळ्या नाहीत. पाच हजार माणसांच्या त्या मैदानात मी पहिली पाच मिनिटं काचेच्या पेटीत बंद केल्यासारखा होतो. परत फिरणार होतो. मग मुंगी चावल्यासारखं काहीतरी कानात झालं. मान वळवली आणि ते आलं. जाड, संथ, एकामागे एक. मी पहिल्यांदा म्हटलं जनरेटर असेल. पण जनरेटर चुकत नाही.

तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्याला तू धावलीस. चार मात्रा पुढे गेलीस, मग घाबरून थांबलीस, मग पकडलंस. पाचव्यात शेवटची जाडी तार दाबून ठेवायची होती, तू लवकर सोडलीस. सहाव्याला माझं काही म्हणणं नाही. सहावं ऐकताना मी तिथे खाली बसलो, मातीत, आणि एका बाईनं मला पाणी आणून दिलं.

रोज सकाळी घड्याळाच्या काट्याबरोबर तीच एक तार अर्धा तास वाजवत जा. धावणं जाईल. बाकी कुणाचं काही चुकलं असेल तर मला विचारू नको. सगळ्या पार्टीत मला एकटी तूच ऐकू आलीस, म्हणून चुकाही तुझ्याच सापडल्या.

उकंडा काका